चालत्या घरातला गॅस

स्वयंपाकघराच्या चार भिंतींत जो गॅस आपण वर्षानुवर्षे निर्धास्तपणे वापरतो, तोच चाकांवरच्या घरात किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेत नेऊन ठेवला, तर त्याचा स्वभाव पालटतो असे नव्हे. पालटते ती जागा. युरोपात कॅम्परव्हॅन घेऊन हिंडणारे प्रवासी आणि इंग्लंडच्या कालव्यांवर अरुंद नौकांतून बारमाही राहणारी कुटुंबे या गॅसबाबत जे नियम कसोशीने पाळतात, त्या सर्वांचा उगम जागेच्या या पालटात आहे.

या गॅसमधला प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो, आणि टाकीत दाबाखाली कोंडलेला एक लिटर द्रव बाहेर पडला म्हणजे त्याचा जवळजवळ अडीचशे लिटर वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोन ते दहाच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. घरात असा गळलेला वायू दाराखालच्या फटीतून किंवा मोरीतून बाहेर पडण्याचा संभव तरी असतो; नौकेच्या तळाला मात्र भोक असून चालत नाही, आणि म्हणून तो पाण्यासारखा पायऱ्या उतरत, फळ्यांच्या सांध्यांतून झिरपत थेट तळाच्या पोकळीत जाऊन साचतो. वरची खिडकी उघडून तेथे काही साधत नाही. तेथे पाणी उपसण्याचा विजेचा पंप बसवलेला असतो, आणि तो पुष्कळदा कोणी कळ न दाबताच आपोआप सुरू होतो. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये उग्र वासाचे एथिल मर्कॅप्टन मिसळलेले असते हे खरे. पण वास तळाशी कोंडलेला आणि माणूस वर बिछान्यात निजलेला, अशा स्थितीत केवळ नाकावर भिस्त ठेवता येत नाही.

यावर इंग्रज नावाड्यांनी काढलेली तजवीज मला फार शहाणपणाची वाटते. टाकी राहत्या खोलीत ठेवायचीच नाही. तिच्यासाठी बहुधा नौकेच्या नाळेशी एक स्वतंत्र कप्पा करायचा, तो आतल्या बाजूने पूर्णपणे बंद राखायचा, आणि त्याच्या तळालगत पाण्याच्या पातळीच्या वर एक निचऱ्याचे तोंड ठेवायचे, म्हणजे गळलेला वायू आत न शिरता परस्पर बाहेर ओघळून जातो. अनेक नौकांच्या या कप्प्यात द्रव भरलेले एक लहानसे पारदर्शक उपकरणही असते. सर्व शेगड्या बंद करून त्याची कळ दाबली आणि द्रवातून बुडबुडे उठले, तर नळीत कोठेतरी गळती आहे हे निश्चित समजावे. ज्यांच्यापाशी असे उपकरण नाही त्यांनी सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावे. पेटत्या काडीने गळती शोधण्याचा मोह कोणीही, कधीही धरू नये. ब्रिटनच्या अंतर्गत जलमार्गांवर १९९७ पासून नौकासुरक्षेची जी योजना अंमलात आहे, तिच्यानुसार दर चार वर्षांनी तपासनिसाकडून दाखला घ्यावा लागतो, आणि २०१९ पासून त्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणाऱ्या यंत्राचाही समावेश झाला आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. कोंदट जागेत ज्योत अपुऱ्या हवेवर जळू लागली की तो उत्पन्न होतो आणि झोपेतच प्राण घेतो. थंडीच्या रात्री ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून निजणे किंवा विझत आलेली कोळशाची शेगडी आत आणणे, याइतके घातक दुसरे काही नाही.

कॅम्परव्हॅनच्या टाकीकप्प्यालाही तळाशी अशीच भोके असतात. थंड वारा आत येतो या सबबीखाली ती चिंध्यांनी बुजवणारे लोक स्वतःच्या रक्षणाची एकमेव वाट स्वतःच्या हाताने बंद करतात. टाकी नेहमी उभी आणि पट्ट्याने जखडलेली असावी, कारण आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रवच नळीत उतरतो. आणि गाडी रस्त्याला लागण्यापूर्वी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करण्याची सवय अंगवळणी पडली पाहिजे.

आता पुनर्भरणाचा प्रश्न, कारण अविचार सर्वांत अधिक येथेच घडतो. शून्यापासून चाळीस अंशांपर्यंत तापमान चढले, तर पाण्याचे आकारमान शेकडा एकानेही वाढत नाही. द्रव प्रोपेन मात्र शेकडा बारा-तेराने फुगतो. टाकी काठोकाठ भरली आणि मग ती उन्हात तापली, तर फुगणाऱ्या द्रवाला जागाच उरत नाही आणि पोलादावर अतोनात दाब येतो. म्हणून शेकडा ऐंशी भरणे आणि वीस हिस्सा रिकामा राखणे हा दंडक आहे. प्रवाशांसाठी बनवलेल्या पुनर्भरणीय टाक्यांत तरंगणाऱ्या गोळ्यावर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि ऐंशीची मर्यादा येताच तो भरणे थांबवतो. टाकी वाकडी असेल, तर हाच व्हॉल्व्ह फसतो. अशी टाकी कप्प्यात पक्की बसवून, गाडीच्या बाहेरच्या बाजूला काढलेल्या तोंडातून ती वाहनांच्या गॅसपंपावर भरता येते. युरोपात देशपरत्वे पंपाची तोंडे निराळी असतात. इटलीचे एक, जर्मनीचे दुसरे, स्पेनचे तिसरे. म्हणून जाणता प्रवासी जोडतुकड्यांचा संच जवळ बाळगतो. याउलट ब्रिटनमध्ये गॅस पुरवणाऱ्या कॅलरसारख्या कंपनीच्या निळ्या वा लाल टाकीची मालकी कंपनीचीच राहते, ग्राहकाला केवळ वापराची मुभा असते. आणि अशा टाक्यांत सामान्यतः आपोआप थांबणारा व्हॉल्व्ह नसल्यामुळे त्या पंपावर परभारे भरून घेणे हा करारभंग तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो अंदाजावर सोडलेला जिवाचा प्रश्न आहे. निळ्या टाकीतला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे जवळजवळ थांबवतो, तर लाल टाकीतला प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वायुरूप होत राहतो. हिवाळ्यात लाल टाकी पसंत करतात ती यासाठी. आपल्याकडच्या गॅसमध्ये दोहोंचे मिश्रण असते, त्यामुळे लडाखच्या थंडीत गाडी नेणाऱ्या मराठी प्रवाशाला ज्योत मंदावलेली दिसेल. त्याने टाकी आगीने शेकण्याचा विचारही मनात आणू नये.

मिरकरवाडा, हर्णै, मालवण येथून खोल समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरांवर खलाशांचे जेवण याच गॅसवर शिजते, आणि आता हौसेने सजवलेल्या कॅरॅव्हॅनही आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. आपल्याकडे घरगुती मोठ्या सिलिंडरमधून लहान टाकीत नळी लावून गॅस भरून देणारी दुकाने गल्लीबोळांत असतात. हा व्यवहार कायद्याने गुन्हा आहे, आणि तेथे ना ऐंशीचा हिशेब, ना टाकीच्या पोलादाची परीक्षा. कष्टकरी माणूस स्वस्ताईपायी तेथे जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पाच किलोचे अधिकृत सिलिंडर पेट्रोलपंपांवर पत्त्याच्या पुराव्यावाचून, केवळ ओळखपत्रावर मिळते आणि रिकामे देऊन भरलेले घेता येते. ते घेताना वरच्या कड्याला जोडणाऱ्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूस रंगवलेले अक्षर वाचावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि याच क्रमाने सी व डी. पुढचे दोन आकडे सालाचे. ही पुढील तपासणीची मुदत होय. ती उलटून गेलेली टाकी कोणी पुढे केली, तर ती तेथल्या तेथे परत करून दुसरी मागून घ्यावी.