कुत्री फेल झाली म्हणजे फ्रीव्हील बाद?

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यानं माळशिरस तालुक्यात ऊस झाला, आणि फडापर्यंत जाणाऱ्या सायकलीला काळ्या मातीचा चिखल कायमचा चिकटला. वाळला की त्याची धूळ होते आणि फ्रीव्हीलच्या झाकणाजवळच्या फटीतून आत जाते. मग एक दिवस पायडल नुसतंच फिरतं, चाक ओढत नाही. ‘कुत्री फेल, नवीन फ्रीव्हील टाका’ हा निकाल मात्र अनेकदा घाईचा असतो.

फ्रीव्हीलच्या आतल्या भागावर बहुधा दोन कुत्री असतात, म्हणजे पोलादाच्या छोट्या खिट्ट्या. बारीक स्प्रिंग त्यांना उचलून धरते. पायडल मारलं की त्या बाहेरच्या कड्याच्या आतल्या दात्यांत अडकतात. पायडल थांबवलं की त्याच दात्यांवरून घसरतात आणि टिकटिक वाजते. तो आवाज बिघाडाचा नाही, कुत्री उठत असल्याची ती खूण आहे. माती आणि सुकलेलं ग्रीस साचलं की कुत्री खाचेतच चिकटून बसतात. चांगलं फ्रीव्हील भंगारात जातं ते इथंच.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘ग्रीस भरपूर भरावं’ हा समज. हबच्या छर्‍यांना ग्रीस हवंच, पण कुत्र्यांवर घट्ट ग्रीस बसलं की इवल्याशा स्प्रिंगचा जोर पुरत नाही. तिथं पातळ तेलाचा थेंबच योग्य. सायकल पाटात बुडवून धुणंही टाळावं. पाणी आतला गाळ बाहेर काढत नाही, उलट आत नेतं.

‘झाकण जाम आहे’ म्हणून छिन्नी-हातोडा चालवण्याआधी दिशा पाहा. या झाकणाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. चाकातून फ्रीव्हील काढायचीही गरज नाही. साखळी उतरवून चाक काढावं, दाते वर करून परातीत आडवं ठेवावं आणि झाकणाच्या दोन भोकांत पंच लावून ठोकावं. खालचे पातळ वायसर जपून ठेवा, कड्याचा हलका-जडपणा त्यांच्यावरच ठरतो. छर्रे 1/8 इंचाचे असतात, कडं उचलताच सांडतात. दोन्ही बाजूंचे वेगळे मोजून ठेवावेत.

सगळं रॉकेलमध्ये धुऊन पुसलं की कुत्र्यांची टोकं पाहावीत. धार शाबूत असेल तर फ्रीव्हील चांगलं आहे. टोकं गोल झाली असतील तर कानस मारून भागत नाही, वरचा कडक थरच निघून जातो. तिथं मात्र बदलावंच.

जोडताना कुत्री मिटून राहत नाहीत, त्यावर साधी युक्ती आहे. त्यांच्याभोवती बारीक दोरा गुंडाळून ती दाबावीत, वरून कडं बसवावं आणि दोरा ओढून घ्यावा. छर्रे जागेवर धरण्यापुरतंच ग्रीस लावावं.

आणि पायडलवर जोर दिला की खटकन घसरतं, तेव्हा दोष बऱ्याचदा साखळीचा असतो. नव्या साखळीच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. माप 12 इंचांवर 1/8 इंच वाढलं असेल तर साखळी ताणली आहे, आणि बहुधा तिनं बाहेरचे दातेही झिजवले आहेत. अशा दात्यांवर नवी साखळीसुद्धा घसरते, म्हणून तेव्हा साखळी आणि फ्रीव्हील एकदमच बदलावं.