नाव नको, मालक बघा

क्लाउडवर नवा सर्व्हर उभा करणं आता काही मिनिटांचं काम. कारण तो कोणी मुळापासून बसवतच नाही. ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रॅम, सेटिंग असं सगळं भरून ठेवलेली 'व्हर्च्युअल मशीन इमेज' तयार असते आणि तिच्यावरून हवे तेवढे सर्व्हर निघतात. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ सेवेवर, जी २००६ साली सुरू झाली, अशा हजारो इमेज सगळ्यांसाठी खुल्या आहेत, पुष्कळशा फुकट. फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी कोण करतो? घोटाळा तिथेच होतो.

फ्रान्समधल्या युरेकॉम संस्थेच्या संशोधकांनी इतरांच्या साथीने अशा पाच हजारांहून अधिक इमेज तपासल्या; निष्कर्ष २०१२ साली छापले. सुमारे पाचांतल्या एका इमेजमध्ये लॉगिनची किल्ली किंवा पासवर्ड तसाच राहिलेला होता. म्हणजे सर्व्हर तुमचा, भाडं तुमचं आणि आत शिरायची सोय भलत्याचीच! यात दरवेळी डाव असतो असं नाही. कोणाच्या किल्लीने आत येता येईल ते नोंदवणारी 'ऑथोराइज्ड कीज' नावाची एवढीशी फाइल काढायची राहून जाते.

बरं, काढली म्हणून ती जाते असंही नाही. डिलीट केल्यावर फाइलचं नाव यादीतून जातं, मजकूर डिस्कवर पडून राहतो आणि डिस्क जशीच्या तशी उचलून इमेज केली, की तोही सोबत जातो. या संशोधकांनी पुसलेल्या फाइली परत काढून दाखवल्या. त्यांत खासगी किल्ल्याही होत्या. एन्क्रिप्शनचाही इथे उपयोग नाही, कारण इमेज चालवणाऱ्याला डिस्क उलगडूनच मिळते. म्हणून वापरता सर्व्हर उचलून इमेज करूच नये. कोऱ्या डिस्कवर स्क्रिप्टने बांधावी आणि किल्ल्या सर्व्हर सुरू होताना बाहेरून द्याव्यात.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवायला हवेत. २०२० साली मिटिगा कंपनीला विंडोज सर्व्हर २००८च्या एका खुल्या इमेजमध्ये मोनेरो हे आभासी चलन खणणारा प्रोग्रॅम सापडला. फेब्रुवारी २०२५मध्ये डेटाडॉगच्या संशोधकांनी त्याहून साधी युक्ती उघड केली. अनेक स्क्रिप्टमध्ये 'या नावाची सर्वांत ताजी इमेज आण' एवढंच लिहिलेलं असतं, मालक कोण ते नसतं. कोणीही त्याच धर्तीच्या नावाची, आजच्या तारखेची इमेज खुली केली की स्क्रिप्ट मुकाट्याने तीच उचलते.

ठरावीक मालकांच्याच इमेज चालू देणारी 'अलाउड एएमआय' ही सोय अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०२४मध्ये आणली. ती आपण होऊन चालू होत नाही. तेव्हा सोमवारी ऑफिसात गेल्यावर आधी ती चालू करा आणि स्क्रिप्टमध्ये मालकाची ओळ आहे का, तेही बघा.