झाशीच्या शेडमधले पाचशे घोडे

झाशीला उतरलेला मराठी माणूस आधी किल्ल्यावर जातो. जावंच. राणी लक्ष्मीबाईच्या नेवाळकर घराण्याचं गाव ते, आणि कडक बिजली तोफ आजही तिथे आहे. पण मला या गावात दुसऱ्याही एका जागेची ओढ आहे. ती म्हणजे रेल्वेची डिझेल लोको शेड.

ओढीचं मूळ लहानपणात आहे. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने निघालं की दौंड ते मनमाड पुढे डिझेल इंजिन असायचं. गाडी हलताना काळ्या धुराचा लोट उठायचा, आई घाईघाईने खिडकी खाली ओढायची, आणि मग तो संथ, जड, घशातून आल्यासारखा ठोका सुरू व्हायचा. तो आवाज अल्कोचा. अमेरिकेत स्केनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचं हे इंजिन. 1962 साली ते भारतात आलं आणि 'डब्ल्यूडीएम-2' या नावाने इथलंच झालं. वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं इंजिन जानेवारी 1964 मध्ये बाहेर पडलं.

1964 हे साल मोटारींच्या शौकिनांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाँटिअॅकने मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन बसवून 'जीटीओ' काढली, आणि मसल कार हा शब्द रूढ व्हायला सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी कॅरोल शेल्बीने फोर्ड मस्टँग हाती घेतली. मोठा हॉली कार्ब्युरेटर, अॅल्युमिनियमचा इनटेक, मोकळा श्वास सोडणारे एक्झॉस्ट हेडर एवढ्यावर 271 अश्वशक्तीचं इंजिन 306 वर गेलं. मागची सीट काढली, पुढचं सस्पेन्शन खाली घेतलं, बोनेट फायबरग्लासचं केलं आणि पांढऱ्या अंगावर निळे पट्टे ओढले. बाहेरचे भाग आणून गाडीची ताकद आणि रूप दोन्ही बदलण्याचा जो छंद जगभर पसरला, त्याची सगळी बाराखडी या एका गाडीत सापडते.

आपल्याकडे रस्त्यावर हा छंद करायला फारशी जागा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही, हे जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं. मात्र रेल्वेच्या शेडमध्ये हेच काम कित्येक वर्षं उघडपणे, नकाशे आणि मोजमापं समोर ठेवून, सरकारी पगारावर चाललं आहे. तिथला आकार बघा. अल्कोच्या सिलिंडरचा व्यास 9 इंच, दट्ट्याची धाव साडेदहा इंच. एका सिलिंडरचं आकारमान जवळपास 11 लिटर भरतं. जीटीओचं अख्खं इंजिन यातल्या एका सिलिंडरपेक्षा लहान, आणि असे सिलिंडर सोळा!

मूळ डब्ल्यूडीएम-2 ची ताकद 2600 अश्वशक्ती. तेच इंजिन सुधारून 3100 चं झालं, की त्याला 'डब्ल्यूडीएम-3ए' म्हणतात. तीन म्हणजे तीन हजार आणि 'ए' म्हणजे वरचे शंभर. या प्रकारची नवी इंजिनं वाराणसीत 1994 पासून बनू लागली, आणि जुन्या डब्ल्यूडीएम-2 ना पतियाळाच्या कारखान्यात नेऊन नवं बळ दिलं गेलं. सिलिंडर सोळाच, व्यास तोच. मग हे पाचशे घोडे आले कुठून?

आले ते श्वासातून. डिझेल इंजिनात जास्त तेल ओतणं कुणालाही जमेल. ते जाळायला पुरेशी हवा नसेल तर फक्त धूर होतो. म्हणून आधी हवा दाबून आत ढकलणारा टर्बो बदलला, जास्त कार्यक्षम बसवला. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून टर्बोच्या पुढचा आफ्टरकूलर मोठा केला. तेल सोडणाऱ्या पंपाचा प्लंजर 15 मिलिमीटरचा होता, तो 17 चा केला, म्हणजे तेवढंच तेल कमी वेळात, जोराने आत जातं. कॅमशाफ्ट जास्त ताठ घेतला आणि त्याच्या कॅमचा आकार असा घडवला, की आत येणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह 140 अंशांपर्यंत एकाच वेळी उघडे राहतात. ताजी हवा जळका वायू ढकलून देते आणि जाताजाता व्हॉल्व्ह थंड करते. एवढी उष्णता आणि दाब सोसायला पिस्टनच्या डोक्यावर पोलादी टोपी आली. यातला एकच भाग बदलून बाकीचे जुने ठेवले तर इंजिन महिन्याभरात रुसतं. शेल्बीलाही हेच कळलं होतं. नुसता कार्ब्युरेटर मोठा करून थांबणाऱ्याची गाडी लवकर गॅरेजात परतते.

ताकद वाढली तरी ती रुळावर उतरायला हवी. हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचं उत्तर दोन्हीकडे सारखं निघालं. मालगाड्यांसाठी याच घराण्यातलं 'डब्ल्यूडीजी-3ए' आलं, शक्ती या नावाने ओळखलं जाणारं. वजन 112.8 टनांवरून 123 टनांवर नेलं, चाकं घसरू नयेत म्हणून वेगळ्या घडणीची बोगी, म्हणजे चाकांची चौकट, दिली, आणि मोटर ते अॅक्सल हे दात्यांचं प्रमाण 18:65 ऐवजी 18:74 केलं. भागाकार करा, 4.11 येतात. अमेरिकेतले मसल कारवाले मागच्या अॅक्सलला वर्षानुवर्षं हौसेने बसवतात तो आकडाही 4.11 च! वेगाचं मोल मात्र द्यावं लागलं. डब्ल्यूडीएम-2 ताशी 120 किलोमीटर धावे, शक्तीची मर्यादा 100 वर आली.

झाशीच्या शेडने ही सगळी मंडळी सांभाळली. गावाला रेल्वेची सवय जुनीच. 1889 च्या सुमारास इंडियन मिडलँड रेल्वे इथे आली, 1895 मध्ये कारखाना उभा राहिला, 1900 मध्ये लाइन मुंबईच्या जीआयपी रेल्वेकडे गेली. 1951 ते 2003 झाशी मध्य रेल्वेत होती, म्हणजे इथल्या फिटरचा सर्वात मोठा साहेब मुंबईला बोरीबंदरात बसत असे.

शेडमधली दोन कामं मला बाहेरच्या कुठल्याही रेसिंग गॅरेजच्या तोडीची वाटतात. पहिलं, तेलाची तपासणी. इंजिनातल्या वंगणाचा नमुना स्पेक्ट्रोग्राफवर जाळतात. तांबं वाढलं तर बेअरिंग झिजतंय, क्रोमियम वाढलं तर रिंग किंवा लाइनरकडे बघायचं, सिलिकॉन दिसला तर हवेच्या फिल्टरमधून धूळ शिरतेय. इंजिन न उघडता त्याच्या पोटातलं दुखणं कळतं. दुसरं, लोड बॉक्स. दुरुस्त इंजिन उभ्या जागी सुरू करतात, त्याची वीज रुळावरच्या मोटरींना न देता पाण्यात बुडवलेल्या पट्ट्यांत जिरवतात, आणि ताकदीची पायरी, म्हणजे नॉच, एकेक करून वाढवत आठवीपर्यंत नेऊन घोडे मोजतात. मोटारवाल्यांचा डायनोमीटर तो हाच.

रूपाचीही हौस आहे. एकेकाळी गडद लाल अंगावर पिवळसर पट्टा एवढाच थाट होता. पुढे प्रत्येक शेडने आपापले रंग काढले आणि बाजूला गावाचं नाव ठळक लिहिलं. रुळालगत उभी असलेली पोरं दुरूनच शेड ओळखतात. शेल्बीच्या निळ्या पट्ट्यांमागचा अभिमान यात मला दिसतो.

विजेच्या तारा मात्र सगळीकडे पोचल्या. दिल्ली–झाशी मार्गावर 1988 मध्ये देशातली पहिली शताब्दी धावली ती विजेवरच, आणि आज झाशीत विजेच्या इंजिनांची वेगळी शेड आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये वाराणसीने सर्वात टोकाचा बदल करून दाखवला. दोन शक्ती इंजिनांच्या पोटातून डिझेल यंत्र काढून टाकलं, छपरावर तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ चढवला, आणि जोडीची ताकद 10,000 अश्वशक्तीवर नेली. 69 दिवसांत. कारागिरी म्हणून मी तिला सलामच करतो. पण त्या पेट्यांमध्ये आता सोळा सिलिंडर नाहीत, आणि नॉच ओढल्यावर खिडकी खाली ओढायला लावणारा तो काळा लोट उठत नाही.