विक्रीपत्र झाले, गाडी मात्र जुन्याच नावावर

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावरील टोकावडे परिसरात जुन्या दुचाकीचा किंवा पिकअपचा व्यवहार बहुधा ओळखीवर होतो. स्टॅम्प पेपरवर चार ओळींचे विक्रीपत्र, जमल्यास नोटरीचा शिक्का आणि किल्ली खरेदीदाराच्या हाती. आरसी बुकावरील नाव बदलण्यासाठी कल्याणच्या परिवहन कार्यालयाकडे करावयाचा अर्ज मात्र ‘सवडीने करू’ म्हणून मागे पडतो. धोका नेमका या सवडीत आहे.

विक्रीपत्र निरुपयोगी नव्हे. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातील व्यवहाराचा तो महत्त्वाचा पुरावा आहे. परंतु त्याचा उपयोग त्या दोघांपुरताच. अपघात झाल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ सर्वसाधारणपणे नोंदणीत ज्याचे नाव असेल त्यालाच मालक मानतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. त्या प्रकरणातील वाहन एकामागून एक अनेकांच्या हाती गेले होते; नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच आली. अपघातग्रस्तांनी विक्रीची साखळी शोधत फिरावे, ही अपेक्षा न्यायालयाने अमान्य केली.

कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास द्यावयाची असते. त्यासाठी अनुक्रमे नमुना २९ व ३० आहेत. आरसीवर बँकेचा बोजा असल्यास तिची संमती लागते. विमा पॉलिसीत नाव बदलण्यासाठी खरेदीदाराला १४ दिवसांची मुदत आहे.

हेच नमुने कोरे ठेवून केवळ सह्या करून देण्याची प्रथा सर्वांत घातक. गाडी पुढे कोणाकडे गेली, हे मूळ मालकाला कळतच नाही; ई-चलन मात्र त्याच्याच नावाने येत राहते. अधिकृत विक्रेत्यामार्फत व्यवहार झाल्यास १ एप्रिल २०२३ पासून गाडी ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९ सी द्वारे नोंदविण्याची सोय आहे. परस्पर व्यवहारात ही सोय नाही.

विक्रीपत्र करताना नोंदणी, इंजिन व चासी क्रमांक, रक्कम, दोघांचे पत्ते आणि साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. बहुतेकजण तारखेवरच थांबतात. गाडी ताब्यात दिल्याची वेळही लिहावी. सकाळी विकलेल्या गाडीला दुपारी अपघात झाला, तर ती कोणाच्या ताब्यात होती, हे पोलीस ठाण्यात दाखविण्यास हीच नोंद उपयोगी पडते.