पेगचा खटला, अमांडाचा आवाज

२२ मार्च १९२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मॅनर्स विरुद्ध मोरॉस्को’ या खटल्याचा निकाल दिला. निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. त्यांचे वय तेव्हा ७९ वर्षे. वाद एका नाटकाच्या कराराचा होता. करारातली कलमे एकेक करून मांडताना होम्स एका नटीचे नाव घेतात. नाटक पहिल्या प्रतीच्या नाट्यगृहांत, चांगल्या नटसंचासह आणि शीर्षकभूमिकेत मिस लॉरेट टेलर यांना घेऊन करायचे, असे निर्मात्याने लिहून दिले होते.

नटीच्या कारकिर्दीचा माग काढायचा तर परीक्षणे, आठवणी आणि छायाचित्रे चाळावी लागतात. लॉरेटच्या बाबतीत या न्यायालयीन कागदाला पहिला मान द्यायला हवा. आयुष्यात पाहिलेला सर्वोत्तम अभिनय कोणता, असे अमेरिकेतल्या जुन्या नटनट्यांना विचारले की त्यांतले कितीतरी जण तिचेच नाव घेत. तरीही तिचा बोलता अभिनय आज काही मिनिटांपलीकडे पाहायला मिळत नाही. नाटक ही क्षणभंगुर कला, असे म्हणून हा विषय मिटवण्याची पद्धत आहे. पण लॉरेट पडद्यावरून निसटली ती करारांमुळे, निकालांमुळे आणि स्टुडिओंच्या निवडींमुळे, आणि हे तारखांनिशी दाखवता येते.

तिचे मूळ नाव लॉरेटा कूनी. न्यूयॉर्कच्या आयरिश घरात १ एप्रिलला तिचा जन्म झाला. साल काही ठिकाणी १८८३, तर काही ठिकाणी १८८४ दिलेले आढळते. १९०१ मध्ये तिने चार्ल्स टेलर या मारधाडीची मेलोड्रामा लिहिणाऱ्या नाटककाराशी लग्न केले. ड्वाइट आणि मार्गरिट ही दोन मुले झाली, गावोगाव दौरे झाले आणि पुढे घटस्फोट. ‘अलायस जिमी व्हॅलेंटाइन’ (१९१०) आणि ‘द बर्ड ऑफ पॅराडाइज’ (१९१२) या नाटकांनी न्यूयॉर्कला तिची ओळख करून दिली. मग जे. हार्टली मॅनर्स हा इंग्रज नाटककार तिच्या आयुष्यात आला आणि त्याने तिच्यासाठी ‘पेग ओ’ माय हार्ट’ लिहिले.

नाटकाची गोष्ट साधी आहे. न्यूयॉर्कमध्ये वाढलेली, गरीब आयरिश बापाची मुलगी पेग इंग्लंडमधल्या उमराव मावशीच्या घरी येते. घर कर्जात बुडालेले असते आणि मृत्युपत्रातला पैसा मिळावा म्हणून मावशी तिला ठेवून घेते. पेग तोंडाळ आहे, प्रेमळ आहे आणि तिच्याबरोबर एक कुत्राही आहे. मे १९१२ मध्ये लॉस एंजेलिसला निर्माता ऑलिव्हर मोरॉस्कोने हे नाटक केले. २० डिसेंबर १९१२ ला न्यूयॉर्कच्या ४८व्या रस्त्यावर कॉर्ट थिएटरचे उद्घाटनच ‘पेग’ने झाले आणि तिथे ६०३ प्रयोग झाले. लॉरेट आणि मॅनर्स यांनी त्याच महिन्यात लग्न केले. १९१४ मध्ये पेग लंडनला गेली. अमेरिकेत ठिकठिकाणी दुसऱ्या नट्या पेग करत फिरत होत्या.

मॅनर्स आणि मोरॉस्को यांचा करार जानेवारी १९१२ मधला. अमेरिका आणि कॅनडात नाटक करण्याचा हक्क मोरॉस्कोला मिळाला होता. बदल्यात दर आठवड्याच्या गल्ल्यावर लेखकाला टक्केवारी मिळायची. हंगामाला किमान ७५ प्रयोग व्हायला हवेत, लेखकाच्या संमतीशिवाय संहितेत काटछाट नको, तालमी त्याच्याच देखरेखीखाली व्हाव्यात, अशी कलमे त्यात होती. प्रयोग, दौरे, गल्ला अशा सगळ्या बारीकसारीक गोष्टींची तरतूद होती. चित्रपटाबद्दल मात्र अवाक्षर नव्हते.

१९१२ मध्ये ते कोणाला खटकलेही नसेल. पुढच्या पाच-सहा वर्षांत चित्रपटाचा धंदा इतका फोफावला, की पेगचे चित्रण म्हणजे सोन्याची खाण ठरली. नाटक करण्याच्या हक्कातच ते पडद्यावर दाखवण्याचा हक्क येतो, अशी मोरॉस्कोची बाजू होती. मॅनर्सने हे नाकारले. मोरॉस्कोचा परवाना पाच वर्षांचाच होता आणि तो संपला, असाही त्याचा दावा होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याचा दावा फेटाळला. दरम्यान १९१९ मध्ये विल्यम डमिल याने वांडा हॉली या नटीला घेऊन ‘पेग’चा मूकपट तयारही केला, पण या कज्ज्यामुळे तो प्रदर्शित होऊ शकला नाही.

होम्स यांचा निकाल आजही वाचण्यासारखा आहे. परवाना पाच वर्षांनी संपला हे मॅनर्सचे म्हणणे त्यांनी मान्य केले नाही. चित्रपटाचा हक्क मात्र मोरॉस्कोकडे गेलेला नाही, असे ठरवले. करारातले प्रत्येक कलम रंगमंचाकडे बोट दाखवते, मग पडदा त्यात शिरला कुठून, असा एकूण युक्तिवाद. याच्या पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. मॅनर्सने स्वतःच चित्रपट काढला तर मोरॉस्कोच्या नाटकाचा धंदा बसेल. जे विकले त्याची किंमत, न विकलेल्या हक्काचा वापर करून मातीमोल करता येणार नाही. म्हणून मोरॉस्कोला चित्रपटाची बंदी, आणि ती बंदी हवी असेल तर मॅनर्सनेही चित्रपट काढायचा नाही. न्यायमूर्ती क्लार्क आणि पिटनी यांनी भिन्नमत नोंदवले.

कायद्याच्या दृष्टीने हा तोडगा चोख होता. नव्या माध्यमाचा हक्क जुन्या करारात मोडतो का, या प्रश्नावर तो पुढेही दाखला म्हणून वापरला गेला. लॉरेटच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की दोन पुरुषांच्या सहमतीवाचून पेग पडद्यावर येणार नव्हती. मॅनर्सच्या हेतूवर शंका घ्यायचे कारण नाही. बायकोसाठी लिहिलेली भूमिका भलत्याच नटीच्या चेहऱ्याने देशभर दिसावी हे त्याला सहन होण्यासारखे नव्हतेच. पण या भांडणात वर्षे गेली, आणि ती वर्षे नटीची होती.

पुढे वाट मोकळी झाली आणि १९२२ मध्ये मेट्रोसाठी किंग व्हिडॉरने लॉरेटला घेऊन ‘पेग’ चित्रित केला. चाळिशीला टेकलेली नटी अठरा वर्षांच्या पोरीचे काम करत होती. केसांची रचना आणि दिव्यांची मांडणी यांवर व्हिडॉरने खूप मेहनत घेतली. लॉरेटला हा चित्रपट इतका आवडला की त्याची एक प्रत तिने घरी ठेवली आणि पाहुण्यांना ती दाखवत असे. मॅनर्सच्याच नाटकांवरचे आणखी दोन मूकपट तिने केले, ‘हॅपिनेस’ आणि ‘वन नाइट इन रोम’, दोन्ही १९२४ चे. पडद्यावरची तिची कारकीर्द या तीन चित्रपटांत संपली. तिन्ही मुके. ज्या आयरिश हेलाने ६०३ प्रयोग तोलून धरले तो यांत ऐकू येत नाही.

आवाज नसला तरी तिचा विचार मात्र छापून राहिला आहे. १९१४ मध्ये, पेगची लाट भरात असताना, ‘ग्रीन बुक’ मासिकात तिने नटीला सर्वांत जास्त कशाची गरज असते यावर लेख लिहिला. तिचे उत्तर होते कल्पनाशक्ती. सौंदर्य हा गुण आहे हे तिला मान्य नाही. सुंदर नटी आपण कशा दिसतो याच्याच विचारात राहते आणि त्यामुळे पात्राच्या आत शिरत नाही, हा तिचा मुद्दा. व्यक्तिमत्त्वाची छाप पाडण्याचाही तिला तिटकारा आहे, कारण मग प्रत्येक भूमिकेत तीच ती बाई दिसते. ‘मेथड’ अभिनयाचा बोलबाला होण्याच्या कितीतरी वर्षे आधी, कुठल्याही अभिनयशाळेची पायरी न चढलेली, मेलोड्रामांच्या दौऱ्यांत घडलेली नटी हे लिहिते. लेख नंतर अभिनयविचाराच्या एका मान्यवर संकलनात आला, आणि तिथल्या पंडितांच्या रांगेत तो कुठेही कमी पडत नाही.

मॅनर्सच्या नाटकांवर समीक्षक कायम नाराज असत. एवढी नटी आणि असली गुळमट नाटके, हा सूर. तो रास्तच होता. पण लॉरेट नवऱ्याच्या शब्दाबाहेर फारशी गेली नाही. रिव्हरसाइड ड्राइव्हवरच्या त्यांच्या घरी रविवारी मेजवान्या होत, नकलांचे खेळ चालत आणि बिचाऱ्या पाहुण्यांची तारांबळ उडे. १९२१ मध्ये न्यूयॉर्कला आलेला, खिशाने रिकामा तरुण नोएल कॉवर्ड त्या पाहुण्यांत होता. १९२५ मध्ये त्याचे ‘हे फीव्हर’ लंडनच्या रंगमंचावर आले. निवृत्त नटी, तिचे विक्षिप्त कुटुंब आणि खेळांत छळले जाणारे पाहुणे. सगळ्यांनी घर ओळखले. लॉरेट दुखावली, आणि तिचे दुखावणे साहजिक होते. हे नाटक जगभर अजून चालते. मॅनर्सची नाटके क्वचितच कोणी करते.

डिसेंबर १९२८ मध्ये मॅनर्स गेला. त्यानंतरची दहा वर्षे दारूत गेली. अधूनमधून एखादे नाटक करायची, मग गैरहजेरी, मग कुजबुज. निर्माते तिला टाळू लागले. नेमक्या याच काळात चित्रपट बोलू लागला. १९३३ मध्ये एमजीएमने बोलपटातली पेग काढली ती मॅरियन डेव्हिसला घेऊन.

निर्माते सेल्झनिक यांच्या ‘द यंग इन हार्ट’ (१९३८) या चित्रपटासाठी मिस फॉर्च्यून या एकाकी, श्रीमंत वृद्धेच्या भूमिकेकरिता नटी हवी होती. तिच्यासाठी जुन्या रंगभूमीवरच्या दोन राण्यांची चाचणी कॅमेऱ्यावर घेतली गेली, मॉड ॲडम्स आणि लॉरेट टेलर. दोघींनाही भूमिका मिळाली नाही. ती मिनी ड्युप्रीकडे गेली. लॉरेटची चाचणी मात्र सुदैवाने टिकली, आणि रिक मॅके यांच्या ‘ब्रॉडवे : द गोल्डन एज’ (२००३) या माहितीपटात तिचा तुकडा पाहायला मिळतो. तिचा बोलता, दिसता पुरावा म्हणायचा तर हाच.

तो पाहताना धक्का बसतो. १९३० च्या दशकातल्या नाटकी नट्या कॅमेऱ्यासमोर आल्या की स्वर चढवत, शब्द कोरून काढत. लॉरेट यातले काहीच करत नाही. ती एखाद्या घरातल्या बाईसारखी बोलते, आणि तिचे वाक्य तिला तिथल्या तिथे सुचल्यासारखे येते. १९१४ च्या लेखातला सिद्धान्त डोळ्यांसमोर उलगडतो. ही नटी स्टुडिओने हातची घालवली, आणि त्या निर्णयाबद्दल हळहळ वाटते ती आजही कमी होत नाही.

चाचणीच्याच वर्षी, १९३८ च्या २२ डिसेंबरला, ‘आउटवर्ड बाउंड’ पुन्हा रंगमंचावर आले. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर. मिसेस मिजेटची भूमिका लॉरेटने केली आणि २५५ प्रयोग झाले. त्यानंतर परत शांतता, थेट १९४४ पर्यंत.

‘द ग्लास मेनाजरी’च्या शिकागोतल्या तालमी ही अमेरिकन रंगभूमीची दंतकथा झाली आहे. टेनेसी विल्यम्स तेव्हा नवखा नाटककार. एडी डाउलिंग निर्माता, सहदिग्दर्शक आणि टॉमच्या भूमिकेतला नट. सोबत दिग्दर्शनाला मार्गो जोन्स. ज्यूली हेडन लॉरा, अँथनी रॉस जिम, आणि आई अमांडाच्या भूमिकेत लॉरेट. लॉरेट तालमीत पुटपुटायची, नजर सहकलाकारांच्या चेहऱ्यावर, वाक्ये पाठ आहेत की नाहीत याचा पत्ता नाही. मंडळी घाबरली. पैसे घालणाऱ्या लुई सिंगरला तर शेवट गोड हवा होता. विल्यम्स आणि मार्गो जोन्स यांनी तो बदलू दिला नाही. अमांडाचा दक्षिणी हेल लॉरेटने विल्यम्सचे बोलणे ऐकून उचलला.

२६ डिसेंबर १९४४, सिव्हिक थिएटर, कडाक्याची थंडी. पडदा वर जायला थोडा वेळ उरला असताना लॉरेट तळघरात दुसऱ्या अंकातला आपला पोशाख रंगवत बसली होती. मग प्रयोग झाला. गर्दी बेताचीच होती आणि नाटक गुंडाळण्याची भाषा सुरू झाली. ते वाचवले दोन समीक्षकांनी, ‘शिकागो ट्रिब्यून’च्या क्लॉडिया कॅसिडी आणि ‘हेरल्ड-अमेरिकन’चे ॲश्टन स्टीव्हन्स. एका परीक्षणावर न थांबता ते पुनःपुन्हा प्रयोगाला गेले आणि पुनःपुन्हा लिहीत राहिले. जानेवारीच्या मध्यापर्यंत नाट्यगृह भरू लागले. समीक्षकाच्या चिकाटीने नाटक जगल्याचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे अवघड आहे.

विल्यम्सची आई एडविना हीच अमांडाचे मूळ. शिकागोच्या प्रयोगानंतर लॉरेटने तिला, तुम्ही स्वतःला कशा वाटलात, असे थेट विचारल्याची हकिगत विल्यम्स सांगत असे. नाटकाच्या मानधनातला निम्मा वाटा त्याने आईच्या नावे करून दिला.

न्यूयॉर्कचा पहिला प्रयोग ३१ मार्च १९४५ ला, प्लेहाउस थिएटरमध्ये झाला. हे नाट्यगृहही ४८व्या रस्त्यावरच, कॉर्टच्या समोर. बत्तीस वर्षांत लॉरेट रस्ता ओलांडून पलीकडे आली होती. दुसऱ्या दिवशी ईस्टर आणि तिचा वाढदिवस. प्रयोगाच्या वेळी तिला उलट्या होत होत्या. विंगेत बादली ठेवली होती. प्रवेश झाला की बादली, पुन्हा प्रवेश. प्रेक्षकांना काही कळले नाही. पडदा चोवीस-पंचवीस वेळा वर गेला. ती इतरांचे इतक्या मन लावून ऐके, की ऐकणे हीच तिची कृती होई, असे पाहणारे सांगत. मार्टिनी, रोजची औषधे, डाउलिंगशी धुसफूस हे सगळे पडद्यामागे होते. एकूण ५६३ प्रयोग झाले आणि ऑगस्ट १९४६ मध्ये नाटक थांबले. ७ डिसेंबर १९४६ ला लॉरेट गेली.

हॉलिवुडने ‘मेनाजरी’ १९५० मध्ये केले. अमांडा होती लंडनची गर्ट्रूड लॉरेन्स. लॉरेटची मुलगी मार्गरिट कोर्टनी हिने १९५५ मध्ये आईचे चरित्र लिहिले. आईची दारू, तिचा क्रूर विनोद, मुलांची झालेली परवड, काहीही न झाकता. लॉरेटवरचे ते सर्वांत भरवशाचे पुस्तक आहे. त्यावर उभी राहिलेली नाटके टिकली नाहीत. ज्युडी हॉलिडेचे ‘लॉरेट’ १९६० मध्ये तिच्या आजारपणामुळे न्यूयॉर्कला पोहोचण्याआधीच बंद पडले. मेरी मार्टिनचे ‘जेनी’ हे १९६३ चे संगीतक ८२ प्रयोगांत आटोपले.

प्लेहाउस थिएटर मात्र चित्रपटात सापडते. मेल ब्रुक्सच्या ‘द प्रोड्युसर्स’मधले (१९६७) नाटकाचे प्रवेश तिथेच चित्रित झाले. १९६९ मध्ये इमारत पाडली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बेटी कॉर्विन यांनी रंगभूमीवरचे प्रयोग चित्रित करून जपण्याचे काम सुरू केले ते १९७० मध्ये, कलाकार आणि कामगार संघटनांच्या संमतीचे करार आधी पक्के करून घेऊन. १९१२ च्या करारात जे कलम कोणाला सुचले नव्हते ते त्यांनी सर्वांत आधी लिहून घेतले, म्हणूनच त्यानंतरच्या नटनट्या आज त्या ग्रंथालयात जाऊन पाहता येतात.