लकव्याच्या रुग्णाला घरी नेताय? सुट्टीआधी एवढं विचारून घ्या

नवी मुंबई : उरण, पेण, खालापूर, कर्जत भागात कुणाला लकव्याचा झटका आला की गाडी अनेकदा कामोठे, नेरूळ किंवा वाशीच्या हॉस्पिटलकडे वळते. तिथे जीव वाचतो, काही दिवसांत सुट्टीही मिळते. पण पुढची काळजी घरच्यांनाच घ्यायची असते. म्हणून तयारी सुट्टीच्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधीच सुरू करा.

गोळ्या कशाच्या, ते विचारा
मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात. वाहिनी फुटली असेल तर त्याच गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. त्यामुळे शेजाऱ्याची चिठ्ठी बघून औषध घेऊ नका. बरं वाटलं म्हणून बीपीची गोळीही स्वतःहून बंद करू नका. दुसरा झटका येण्याचं ते मोठं कारण आहे.

भरवायचं कसं?
रुग्णाला नीट गिळता येतं का, हे तपासून घ्या. झोपवून पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बसवून, थोडं थोडं भरवा आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. नाकात नळी असेल तर नर्सकडून शिका आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः भरवून बघा.

अंथरुणावरची काळजी
दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. लुळा हात धरून रुग्णाला कधीच ओढू नका, खांदा निखळतो.

व्यायामाचा व्हिडिओ काढा
पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वात वेगाने होते. गावाहून रोज नवी मुंबईला येणं परवडत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून घरी करायचे व्यायाम शिका आणि परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढा. बीपी, शुगर गावाजवळच्या आरोग्य केंद्रात तपासता येते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत.

खर्च आणि दाखला
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे योजनेतील हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा. साधारण सहा महिन्यांनंतरही अपंगत्व राहिलं तर दाखल्यासाठी अर्ज करता येतो. अनेक सवलतींसाठी ते किमान 40 टक्के असावं लागतं.

पुन्हा झटका आला तर
तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. तेल चोळण्यात, झाडपाल्यात किंवा अंगारा आणण्यात तो घालवू नका. डिस्चार्ज कार्ड घरात सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा आणि निघताना ते सोबत घ्या.