घाटातील सुरक्षितता आणि सेन्सरची परीक्षा

त्र्यंबकेश्वराहून जव्हारकडे जाणारा घाटरस्ता पावसाळ्यात निसरडा होतो. वळणावर मोटार घसरू लागताच स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा आवश्यक त्या चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून तिला सावरते. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत आलेली ही यंत्रणा चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन व गाडीचे वळणे मोजणाऱ्या सेन्सरांवर विसंबून असते.

घसरत्या गाडीचे चित्र असलेला दिवा लुकलुकला, तर यंत्रणा कार्यरत आहे असे समजावे. तो सतत तेवत राहिला, तर प्रथम ती बंद करण्याचे बटण चुकून दाबले गेले आहे का, हे पाहावे. नसल्यास स्कॅनरवर दोषसंकेत वाचून घ्यावा.

संकेत दोषाची दिशा दाखवतो. निवाडा करीत नाही. एखाद्या चाकाचा उल्लेख आला, म्हणून लगेच सेन्सर बदलू नये. साचलेला चिखल, तुटलेली तार, गंजलेली जोडणी आधी तपासावी. नंतर मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी सावकाश चालवावी आणि शेजारी बसलेल्या तंत्रज्ञाने चारही चाकांचे वेग ताडून पाहावेत. तारा व जोडण्या निर्दोष असूनही एकाच चाकाचा आकडा अडखळत असेल, तरच त्या सेन्सरवर संशय घ्यावा.

दुरुस्ती होईपर्यंत साधे ब्रेक बहुधा चालतात. परंतु घसरणीतील आधार नसतो. तोवर कुटुंबासह घाटप्रवास टाळणेच श्रेयस्कर.